दोन बोटं वर

मंगळवार, ६ ऑगस्ट

चिरंजीव तंतुवादिनी हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझ्या घरात एक घोर अन्याय राजरोस चालू आहे आणि त्याची दाद मागायला तुझ्याखेरीज दुसरं न्यायासन मला उरलेलं नाही.

विषय चहाच्या पुड्याचा आहे. तुझा तो कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर आवळून बसवायचा काळा चिमटा, मामीने चहाच्या फोडलेल्या पुड्याला लावला आहे. पुडा घट्ट राहतो, वास उडत नाही, सगळं मान्य. पण त्या चिमट्याची स्प्रिंग ही काय चीज आहे, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. सकाळी उठल्याउठल्या, डोळ्यांवर चष्मा नसताना, पोटात चहा नसताना, चहासाठीच मला त्याच्याशी कुस्ती खेळावी लागते. काल तो हातातून उडाला, पुडा आडवा झाला आणि अर्धी पत्ती भांडी घासायच्या बेसिनमध्ये. मामी दारात उभी. म्हणाली, "पोरगी गाणं चालू असताना एका हाताने लावते नि काढते. आणि तुम्ही?"

मी म्हटलं, "तिची बोटं वीस वर्षांची आहेत."

"मग तुमची अक्कल तरी तुमच्या वयाची असू द्या."

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला घरात असं बोललं जातं. कॉलेजात तरी काय वेगळं आहे म्हणा. यंदा माझ्या वर्गात चार विद्यार्थी आहेत आणि त्यातले दोन वेळापत्रक चुकल्यामुळे आले होते. पंखा बरा आहे म्हणून राहिले.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला "ओके मामा" असं उत्तर येतं. मी "कशी आहेस" विचारलं तरी ओके मामा, "जेवतेस का" विचारलं तरी ओके मामा, परवा मुद्दाम "चंद्र चौकोनी झाला आहे" असं लिहून पाहिलं, त्यालाही ओके मामा. म्हणून हे पत्र. पत्र सायलेंटवर टाकता येत नाही. फार तर उशीखाली टाकता येतं, आणि तिथून ते टोचतं.

कॅपो इथे आहे म्हणजे गिटारही इथेच आहे, हे काही तुला सांगायला नको. तुमचा तो ड्रमवाला, धडधड्या, चर्चमधून घेऊन आला. म्हणाला, "पाळकसाहेबांनी तुमच्याकडे द्यायला सांगितली. घरात दिसली की त्यांना जेवण जात नाही म्हणाले." पेटीसकट कपाटामागे उभी केली आहे. मी उघडलेली नाही; चिमटा तेवढा त्याने वेगळा हातात दिला होता.

शनिवारी संध्याकाळी बसथांब्यावर गेलो होतो. पेपर आणायला. तुझ्या कॉलेजच्या गावाची बस आली होती. गर्दी नव्हती.

मामा


रविवार, १८ ऑगस्ट

चि. तंतुवादिनी,

तुझी गैरहजेरी भरून काढण्याचे प्रयत्न आमच्या चर्चच्या मंडळीत कसे चालू आहेत याचा वृत्तांत तुला कळवणं मी माझं कर्तव्य समजतो.

गाण्यांचं निभतं. धडधड्या बडवतो, कीबोर्डवाली बाई वाजवते, लोक आपापल्या सोयीच्या सुरात गातात. तू असताना वरच्या पट्टीतलं गाणं चिमटा सरकवून खाली आणायचीस, म्हणून म्हाताऱ्यांनाही गाता यायचं. आता म्हातारे नुसते ओठ हलवतात. मीही त्यातच. पण खरा घोटाळा प्रार्थनेचा आहे. गाणं संपलं की आमचे पाळक, म्हणजे तुझे पप्पा, डोळे मिटून प्रार्थना सुरू करणार आणि त्यांच्या मागे स्टुलावर बसून तू हलक्या हाताने तेच तीन-चार कॉर्ड फिरवत राहणार, आमेन होईपर्यंत थांबायचं नाही, ही तुमची रीत. इतकी वर्षं ती कानाला इतकी सवयीची झाली की ती आहे हेच कुणाला कळत नव्हतं. आता नाही, तर सगळ्यांना कळतं. प्रार्थना चालू असताना खुर्च्यांची करकर ऐकू येते. माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या पोटातले आवाज ऐकू येतात. भक्तिभावाला हे पोषक नाही.

यावर आज धडधड्याने तोडगा काढला. फोनवर असल्या संगीताची एक लांबलचक फीत शोधली आणि स्पीकरला जोडली. पप्पा प्रार्थनेला उभे राहिले. संगीत सुरू झालं, चांगलं होतं, कुणीतरी गोऱ्यागोमट्या शांततेत वाजवलेलं. पप्पांचा आवाज लागला. ते आजारी लोकांसाठी मागत होते, आणि "हे प्रभो, आम्ही तुझ्यापुढे रिकाम्या हातांनी" इथपर्यंत आले, तोच स्पीकरमधून एक तरुणी ओरडली की तुमच्या टूथपेस्टमध्ये अमुक आहे का?

कुणी हसलं नाही. तेच वाईट झालं. हसले असते तर बरं वाटलं असतं. पप्पांनी डोळे उघडले नाहीत, फक्त आमेन म्हणाले. वाक्य तिथेच राहिलं.

नंतर धडधड्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी म्हटलं, "अरे, जाहिरात होती, तू थोडीच बोललास?" तर म्हणतो, "सर, ती असती तर हे झालं नसतं." मी म्हटलं, "हो. तिच्यात जाहिराती येत नाहीत."

थकलो आहे ग जरा. सगळेच थकल्यासारखे दिसतात. उपासना संपल्यावर लोक पूर्वी दारात अर्धा तास गप्पा मारायचे, आता चपला घालून जातात.

तुला "ये" म्हणत नाही. वृत्तांत कळवतो आहे.

मामा


सोमवार, ९ सप्टेंबर

चि. तंतुवादिनी,

शेवटी ओके मामाच्या पलीकडची चार वाक्यं आली. धन्य झालो. फोन मामीच्या हातात होता, तिने ती मोठ्याने वाचली आणि मग हळू आवाजात परत वाचली:

"मामा मी थकले नाहीये. मला ते खोटं वाटतं. लोक देवामुळे रडत नाहीत, माझ्या ई मायनरमुळे रडतात. मी तपासून पाहिलंय."

तपासून पाहिलं आहेस हे मला ठाऊक आहे. सांख्यिकी शिकणाऱ्या मुलीला स्टुलावर बसवलं की असं होणारच. तूच मला सांगितलं होतंस, गेल्या हिवाळ्यात, बसची वाट बघताना: एका रविवारी तो उदास कॉर्ड नेहमीच्या जागी वाजवलास, तिथेच रुमाल निघाले. पुढच्या रविवारी मुद्दाम लांबवलास, रुमालही लांबले. तिसऱ्या रविवारी वाजवलाच नाहीस, तर लोक कोरड्या डोळ्यांनी घरी गेले आणि जाताना म्हणाले, आज काही खास वाटलं नाही. तू हसत सांगत होतीस. मांडीवर पुस्तक उघडं होतं, दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती. मी म्हटलं होतं, "माझ्या वर्गात ये, तुला शिष्यवृत्ती देतो." तू म्हणालीस, "वर्ग आहे का पण?"

तर आता मास्तरकीचा थोडा उपद्रव सहन कर. तुझ्या ई मायनरवर आमच्याकडे हजार-बाराशे वर्षं भांडण झालेलं आहे. नट रंगमंचावर रडतो तेव्हा ते दुःख कुणाचं? नटाचं नाही, त्याला घरी जाऊन जेवायचं असतं. ज्याचं सोंग घेतलं त्याचं नाही, तो केव्हाच मेला. प्रेक्षकाचंही नाही, तो तर तिकीट काढून आलेला. मग डोळ्यांतलं पाणी आलं कुठून? आणि ते खारट का लागतं? मोठमोठे दाढीवाले यावर एकमेकांच्या शेंड्या धरून भांडले, आणि एवढंच ठरलं की पाणी खोटं नसतं. ते आत आधीच असतं. कुणीतरी झाकण उघडायला लागतं. आता झाकण उघडणारीने म्हणायचं की विहीर मीच खणली, तर तो थोडा अहंकार होईल, बाईसाहेब.

हे लिहून मी खूश झालो आणि मामीला वाचून दाखवलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "छान आहे. पण पोर त्यासाठी गेलेली नाही."

ते मलाही माहीत आहे. मी आपला वाद घालत बसलो कारण वाद घालता येतो.

तर जुलैतल्या, तू निघून गेलीस त्या रविवारचं एकदा लिहूनच टाकतो. मी चौथ्या रांगेत होतो, मला जेवढं दिसलं तेवढं लिहितो, चुकलं तर लाल शाईने दुरुस्त कर. पप्पा प्रार्थना करत होते. दुःखितांसाठी मागता मागता माझ्या ताईवर, तुझ्या आईवर आले. तू गेल्यावर कोण कोण काय काय म्हणालं ते सोड, पण दफनविधीनंतर ते ताईविषयी चर्चमध्ये पहिल्यांदाच बोलत होते, तिला जाऊन सव्वा वर्ष झाल्यावर. दवाखान्यातली शेवटची सकाळ. ताईने खिडकीचा पडदा सरकवायला सांगितला ते. आणि मग गिटार थांबली. हळूहळू विरली नाही, तू तळवा ठेवून तारा दाबल्यास तशी थांबली. पप्पांचं वाक्य उघडं पडलं. "तिने पडदा," एवढंच म्हणाले. कुणीतरी खोकलं. मग आमेन.

मागच्या खोलीत काय झालं ते मी दारातून ऐकलं. पप्पा म्हणाले, "तू थांबलीस म्हणून देव थांबत नाही." तू म्हणालीस, "मग मला कशाला बसवता?" तू पिशवी उचललीस, गिटार स्टुलाला टेकवून ठेवलीस आणि चालू लागलीस.

बसथांब्यापर्यंत मी बरोबर होतो. तू एकच वाक्य बोललीस. "मामा, त्यांनी आईवर बोटं वर केली."

मला तेव्हा कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले. नंतर आठवलं, तूच कधीतरी करून दाखवलं होतंस: पप्पा प्रार्थना करताना उजवा हात पाठीमागे नेतात, पुढे बसलेल्यांना दिसत नाही. पंजा आडवा केला की हळू. दोन बोटं वर केली की मोठं वाजव, चढव. आणि तू चढवलंस की लोक रडतात.

आईचं मरण सांगताना त्यांनी तुला खूण केली, की आता चढव.

दाढीवाल्यांचं पुस्तक मिटून ठेवलं आहे.

मामा


रविवार, २९ सप्टेंबर

चि. तंतुवादिनी,

आज जागा बदलून बसलो. भक्तीसाठी नव्हे, मानेसाठी. चौथ्या रांगेवरच्या पंख्याने माझी मान धरली आहे. डाव्या हाताला खांबाशेजारी एक खुर्ची असते, जिथे उशिरा येणारे बसतात. तिथून व्यासपीठ आडवं दिसतं. तू बसायचीस ते स्टूल दिसतं. ते कुणी हलवलेलं नाही. त्यावर आता माइकच्या वायरचं भेंडोळं ठेवतात.

पप्पा प्रार्थनेला उभे राहिले. फीतबीत काही नव्हती, टूथपेस्टनंतर तो नाद सोडला. नुसता आवाज. कुणाच्या तरी नातवाचं ऑपरेशन होतं, त्याच्यासाठी मागत होते. त्या मुलाचं वय सांगताना आवाज जरा ओला झाला. आणि त्यांचा हात मागे गेला.

मला वाटलं पाठ खाजवताहेत. मग दोन बोटं वर झाली.

स्टुलावर वायर होती. बोटं तशीच वर राहिली. थोडी हलली, जशी आपण लक्ष वेधायला हलवतो तशी. मग वाट पाहून मिटली. पप्पांनी घसा साफ केला आणि पटकन आमेन म्हणाले. आजकाल त्यांच्या प्रार्थना फार लवकर संपतात. लोक म्हणतात, बरं झालं, आटोपशीर झाल्या. मला आता कळलं, कुठे संपतात ते.

मी घरी आल्यावर मामीला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या वडिलांचा चष्मा सुटला, तरी पुढे वर्षभर नाकावर बोट नेऊन तो वर सरकवायचे." म्हणजे सवय. असेल. पण चष्मा वर सरकवणारा माणूस कुणाची वाट पाहत नाही. हे पाहत होते.

तुला यातून काही निष्कर्ष काढ असं म्हणत नाही. एका रविवारवरून काढूही नये, हे तुझंच शास्त्र. पुढचे दोन रविवार मी खांबापाशीच बसणार आहे. मान बरी झाली तरी.

मामा


मंगळवार, १५ ऑक्टोबर

चि. तंतुवादिनी,

दोन्ही रविवारी झालं. दोन्ही वेळा बोटं वर, दोन्ही वेळा थोडी वाट, मग घसा, मग आमेन.

म्हणून काल विचारलं. तुझे पप्पा हल्ली दर सोमवारी आमच्याकडे जेवायला येतात. एकट्यासाठी काय करायचं म्हणून ब्रेडवर भागवतात हे मामीला कळलं आणि तिने हुकूम काढला. पाळकांवर हुकूम चालवणारी या मंडळीत ती एकटीच आहे. आल्यावर त्यांना नुसतं बसवत नाही, बटाटे सोलायला देते. म्हणते, हातात काही असलं की ते नीट बोलतात.

मी म्हटलं, "दाजी, एक विचारू का? रागवायचं नाही."

"मास्तर, तुम्ही असं म्हणालात की मी आधीच रागवून घेतो. विचारा."

"प्रार्थनेत तुमची बोटं मागे वर होतात. ती कशाला?"

ते बटाटा धरून थांबले. "कुठली बोटं?"

मामीने सुरीसकट हात पाठीमागे नेऊन करून दाखवलं. "ही."

ते तिच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अजून होतं ते?"

"दर रविवारी."

"मला कळत नाही." बटाटा फिरवून धरला. मग आपणहून बोलायला लागले. तू शाळेत होतीस, नुकती चर्चमध्ये वाजवायला लागली होतीस. एका लहान बाळाचा दफनविधी होता. "प्रार्थना करता करता माझा आवाज फुटायला लागला," म्हणाले. "आणि पाळकाचा आवाज फुटला की लोक देवाकडे बघायचं सोडून पाळकाकडे बघतात. त्या आईबापांनी माझ्याकडे बघायचं? मला सुचेना. मागे ही बसली होती. मी बोटं केली, मोठं वाजव म्हणून. पोर हुशार, लगेच कळलं तिला. गिटार वर आली, माझा आवाज तिच्याखाली गेला. फुटला तो कुणाला ऐकू आला नाही. तेव्हापासून तसंच. आवाज जायला लागला की बोटं. ती मागे आहे म्हणून मी काहीही बोलू शकायचो, मास्तर. बायकोचं बोललो ते तेवढ्यासाठीच. म्हटलं, आता बोलता येईल. मागे ती आहे."

मी म्हटलं, "तिला वाटतं, ती लोकांना रडवायची खूण आहे."

असं सांगायला फार मोठं धाडस लागेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात ते नुसतं तोंडातून पडलं.

"कोणी सांगितलं तिला तसं?"

"कुणीच नाही. पण तुम्ही तरी दुसरं काही कुठे सांगितलंत? तुम्ही बोटं वर करायचात, ती चढवायची, लोक रडायचे. तिने तिचं गणित मांडलं."

"आईच्या वेळीही तिला..."

"हो."

ते पुन्हा सोलायला लागले. साल केव्हाच संपली होती. ते सोलत राहिले, बटाटा लहान लहान होत गेला. शेवटी मामीने त्यांच्या हातातून तो काढून घेतला तेव्हा लिंबाएवढा उरला होता. म्हणाली, "दाजी, आता याला कुणी खायचं?" नेहमीसारखं बोलायला गेली, पण तिचाही आवाज धड नव्हता.

मी संशयी माणूस आहे हे तुला माहीत आहे. मी विचारलं, "आणि लोक रडायचे ते तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसायचं की."

"मग?"

"बरं वाटायचं," म्हणाले. "वाटायचं, आज काहीतरी झालं. नको होतं असं कशाला सांगू? पण बोटं त्यासाठी नव्हती." मग सालं गोळा करता करता, "निदान सुरुवातीला नव्हती."

हे शेवटचं वाक्य मी गाळू शकलो असतो. तुझ्यासाठी ठेवलं. तू नाहीतरी ते शोधून काढलंच असतंस.

मी म्हटलं, "तिला फोन करा, हेच सांगा."

"मला जमत नाही ना. मागे कुणी वाजवायला नसलं की मला बोलता येत नाही, मास्तर. दर रविवारी बघताय ना तुम्ही? तुम्हीच लिहा."

म्हणून लिहिलं. मी दूत आहे, वकील नाही. वकील असतो तर फी मागितली असती, निदान चहाच्या पुड्यापुरती.

मामा


रविवार, ३ नोव्हेंबर

चि. तंतुवादिनी,

तुझं उत्तर नाही. ओके मामासुद्धा नाही. ते मी चांगलं लक्षण मानतो आहे, कारण दुसरं काही मानायला सोपं नाही.

आज पप्पांनी प्रार्थनेच्या वेळी दोन्ही हात पुढच्या मेजाच्या लाकडावर ठेवले. घट्ट धरून. खांबापाशी बसून मला ते दिसत होतं. ताईचं नाव काढलं नाही. मंडळीत जे कुणी थकले आहेत त्यांच्यासाठी मागत होते, आणि "जे दूर आहेत" म्हणाले, आणि तिथे आवाज फुटला. हात सुटले नाहीत. धडधड्या बिचारा फोन काढून अर्धवट उठला, पप्पांनी डोळे मिटूनच नकारार्थी मान हलवली. तो बसला. मग सगळ्या चर्चने एका माणसाचं रडणं ऐकलं, वर काही झाकण नसलेलं. फार सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. अवघडल्यासारखं होतं. नाक ओढल्याचे आवाज माइकमधून येतात. एक गृहस्थ घड्याळ बघत होते. पण ते आमेनवर पळाले नाहीत. थांबले, घसा साफ केला, वाक्य पूर्ण केलं. मग आमेन.

दारात आज लोक थांबले होते. चपला घालून झाल्या तरी थांबले होते. पप्पा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "झालं. मेलो नाही." मी म्हटलं, "दाजी, हे तुमच्या धंद्याला शोभत नाही, मरायला एवढं घाबरणं." हसले. किती दिवसांनी.

तर हे झालं. आता व्यवहाराचं. गिटार मी शेवटी उघडली, धडधड्याला बोलावून. तो म्हणाला, वाजत नसेल तर तारा सैल करून ठेवायला हव्यात, नाहीतर मान वाकते. त्याने केल्या सैल. मला कल्पना नव्हती की ती नुसती उभी असतानाही इतकी ताणलेली असते. आणि कॅपो या पाकिटात तुला परत पाठवतो आहे. मामीने आता पुड्याला कपड्याचा चिमटा लावला आहे. तो मला उघडता येतो. चहात मजा राहिली नाही.

पत्र इथेच संपवणार होतो. पण मामीने मघाशी एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मी पेन धरून बसलो आहे. तिने विचारलं, "पोर कधी रडली हो?"

मी आठवत गेलो. ताईला पुरलं त्या दिवशी पप्पा प्रार्थना करत होते. मी रुमालात तोंड खुपसलं होतं. मामीला दोघींनी धरलं होतं. धडधड्यासारखा धडधड्या हुंदके देत होता. आणि तू स्टुलावर बसून वाजवत होतीस. पप्पांची बोटं वर झाली असणार, कारण गिटार चढली, मला आठवतं. त्यांचा आवाज तू झाकलास. आमचा सगळ्यांचा झाकलास. लोक म्हणाले, काय धीराची मुलगी आहे. पुढच्या शनिवारी तू बसने आलीस आणि रविवारी वाजवलंस. त्याच्या पुढच्याही. कधी परीक्षा, कधी ताप, पण वाजवलंस. आमेन होईपर्यंत थांबायचं नाही.

तुझ्या विश्वासाची मला काळजी नाही. तो गेला असेल तर गेला, आला तर येईल, तो पप्पांचा प्रांत. तू पुन्हा वाजवशील की नाही याचीही नाही. अभ्यासाची तर मुळीच नाही. मी इतके दिवस कॅपो, टूथपेस्ट आणि दाढीवाले यांच्याविषयी लिहीत होतो, कारण हे लिहायचं नव्हतं.

इतकी वर्षं तुझे हात गुंतलेले होते. आता जुलैपासून ते रिकामे आहेत. जे आत आहे ते आता वर येईल, एखाद्या साध्या संध्याकाळी, कपडे घडी करताना वगैरे, आणि त्या खोलीत तुझ्याजवळ कुणी नसेल. मला त्याची भीती वाटते.

मी दर शनिवारी बसथांब्यावर असतो. पेपर आणायला जात नाही. पेपर घरी येतो.

मामा